दुसरी बेबीनंदा

"मावशी, तुमच्या नावावर आधीच चार कर्जं हायेत. त्यातलं शेवटचं थकलंय," बँकेतल्या साहेबाने कॉम्प्युटरवरची नजर न काढता सांगितलं.

बेबीनंदा मगरेला वाटलं, साहेब आपल्या मागच्या माणसाशी बोलतोय. तिने मान वळवून पाहिलं. मागे रिकामी खुर्ची होती.

"कोणाच्या नावावर?"

"तुमच्याच. बेबीनंदा मगरे, जन्मतारीख एक जून एकोणीसशे अडुसष्ट. बराबर हाये ना?"

"तारीख बराबर. बाकीचं सगळं चूक. साहेब, मी जन्मात शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली न्हाई, अन् तुम्ही चार कर्जं काय बोलून राह्यले?"

आवाज चढला तशी पासबुकाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. घनसावंगीत बेबीनंदाच्या तोंडाची ख्याती होती. ब्लाउज ठरल्याच्या एक दिवस आधी मागायला आलेल्या बाईला ती अशी काही झापायची, की बाई पुढच्या वेळी दोन दिवस उशिराच यायची. पण आज मध्येच तिचा आवाज फाटला. तिने पदराने तोंड पुसलं.

साहेब तसा बरा माणूस होता. त्याने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "मी न्हाई म्हणत, हा रिपोर्ट म्हणतोय. कुणी कधी कुठून कर्ज घेतलं, फेडलं का बुडवलं, सगळं त्यात येतं. त्यात थकबाकी दिसून राह्यली, तर मी सही कशी करू? रिपोर्ट दुरुस्त करून आणा, तुमचं प्रकरण लगेच वर पाठवतो. खरेदीखत कधी हाये?"

"एक जूनला."

"म्हणजे वाढदिवशीच की!" साहेब हसला. बेबीनंदाला काही हसू आलं नाही. मे महिन्याची पाच तारीख उजाडलेली होती.

खरेदीखत एका खोलीचं होतं. बसस्टँडमागच्या गल्लीतली खोली, वर पत्रे, पुढे हातभर ओटा, ओट्याच्या कडेला कडुलिंब. विकत घ्यावं असं त्यात काय होतं, असं कुणीही विचारलं असतं. बेबीनंदा चोवीस वर्षं तिथे भाड्याने राहत होती आणि तिथेच शिवत होती. खिडकीशी मशीन, मशीनमागे कॉट, कॉटखाली लोकांच्या कापडाच्या पिशव्या. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेली मापं. कुठल्या पोरीचा शाळेचा पहिला फ्रॉक किती उंचीचा होता आणि त्याच पोरीचं लग्नातलं ब्लाउज किती छातीचं, हे सगळं त्या चौकटीवर होतं. स्वतःचं म्हणावं असं लेकरू नव्हतं, लग्नच झालं नव्हतं. आई लवकर गेली, बाप अंथरुणाला खिळला, आणि त्याचं करता करता वय निघून गेलं. बाप गेल्यावर चुलत्यांनी गावातलं घर आपसात वाटून घेतलं, तेव्हा बेबीनंदा मशीन टेम्पोत घालून इथे आली.

संध्याकाळी दार लावलं की बोलायला कुणी नसायचं. कितीतरी रविवार असे जायचे, की सकाळपासून झोपेपर्यंत तिच्या तोंडून एक शब्द बाहेर पडायचा नाही. सोमवारी पहिल्या गिऱ्हाइकावर ती खेकसायची त्याचं निम्मं कारण हेच होतं, पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

खोलीचे मालक धर्मराजभाऊ आता थकले होते. पाडव्याला येऊन म्हणाले, "बेबीबाई, मी पुण्याला पोराकडं चाललो. खोली विकायची हाये. तो मोबाइलच्या दुकानवाला मागून राह्यला, पण पहिला हक्क तुमचा. एक जूनपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं मला थांबवू नका." हक्क हा शब्द ऐकून बेबीनंदाला त्या रात्री झोप लागली नव्हती. तिच्यापाशी साठवलेलं बरंचसं होतं. कमी पडत होतं तेवढं बँकेकडून घ्यायचं, एवढंच बाकी होतं.

बँकेतून ती तडक देवानंदच्या दुकानात गेली. तहसीलसमोर देवानंद साळवेचं ऑनलाइन कामांचं दुकान होतं. सातबारा, जातीचे दाखले, वीजबिल, नोकरीचे फॉर्म, सगळं तिथेच. चाळिशीतला माणूस, चष्मा कपाळावर, स्वभावाने शांत.

"जयभीम ताई. आज काय, लाईट बिल?"

"जयभीम. लाईट बिल न्हाई रे. माझ्या नावावर कोणीतरी संसार मांडलाय. तेवढा काढून दाखव."

त्याने तिचं आधार, पॅन घेतलं, तिच्या मोबाइलवर आलेला नंबर विचारला आणि टकटक सुरू केली. "हा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट निघतो, ताई. पण कोणी काढत न्हाई. बँकेनं हाकलल्यावरच सगळे माझ्याकडं येतात." प्रिंटरमधून तीन पानं बाहेर आली. सगळं इंग्रजी. देवानंद पेन्सिल टेकवत टेकवत सांगायला लागला.

"हे पहिलं कर्ज, घरगुती वस्तूसाठी, बारा वर्षांमागचं. फेडलेलं. हे दुसरं शिक्षणाचं. एकही हप्ता चुकला न्हाई बघ, सगळं वेळेवर. मंग एक मोबाइलचं, तेही फेडलं. आन हे चौथं, दोन वर्षांमागचं, अंबडच्या एका फायनान्सवाल्याचं. सहा हप्ते भरले, तिथून पुढं बंद."

"मी कोणाला शिकवलं रे?" बेबीनंदा म्हणाली.

"तेच तर. आता पत्ते बघू. कायमचा पत्ता..." त्याने तिच्या गावाचं नाव वाचलं. जांब समर्थच्या अलीकडचं, कच्च्या रस्त्यावरचं तिचंच गाव. "आन राहायचा पत्ता, वडीगोद्री, हायवेलगत."

बेबीनंदा स्टुलावर बसली होती, तिथेच ताठ झाली. तिच्या गावात त्या नावाची आणखी एकच होती.

"माझ्या ध्यानात आलं," देवानंद म्हणाला. "दोघींचंही मधलं नाव कोणी भरलंच न्हाई. नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, जन्मतारीख तीच. मशीनला वाटलं बाई एकच. हे चार खाती काढून टाकले की तुझा रिपोर्ट एकदम कोरा."

"मंग काढ ना जल्दी."

"त्याच्यात एक अडचण हाये. चूक झाली, दुरुस्त करा म्हणून अर्ज केला, तर उत्तर द्यायला त्यांच्याकडं तीस दिवस असतात. म्हणजे चार जून. तुझी तारीख हुकते." त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "दुसरा रस्ता हाये. ह्या बाईनं माझी ओळख चोरली, माझ्या कागदांवर कर्ज उचललं, म्हणून पोलिसांत तक्रार द्यायची. तिची पोच बँकेच्या साहेबाला दाखवली की तो पुढं जातो. मागं एकाचं असंच झालं होतं. आठ दिवसांत मोकळा झाला."

"पण तिनं चोरलं का खरंच?"

"ते पोलिस बघतील. तुझं काम होण्याशी मतलब." त्याने तक्रार टाइपही करून टाकली. अर्जदार, पत्ता, हकिगत. एका ओळीवर त्याची बोटं थांबली. "संशयित व्यक्तीचं नाव. टाकू?"

बेबीनंदा त्या रिकाम्या ओळीकडे बघत राहिली. जिथे जिथे बोलायचं, तिथे तिथे आजवर ती मोठ्याने बोलली होती. आता मात्र तिला हळूच म्हणावं लागलं, "तसंच राहू दे. आधी मी तिला बघून येते."

तिच्या लहानपणी गावात कुणाच्याच आईबापाला पोरांची जन्मतारीख ठाऊक नसायची. बेबीनंदाची आई सांगायची, हुरड्याच्या दिवसांत झाली. दुसरीची आई सांगायची, पोळ्याच्या पुढे चार रोज. गुरुजी दोन्ही ऐकून घ्यायचे आणि रजिस्टरात एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये भरते, वय बरोबर भरतं, भानगड नाही. त्या वर्गातली तेवीस पोरं सरकारदरबारी एकाच दिवशी जन्मली होती.

दोघी एकाच भावकीतल्या, दोघी मगरे, दोघी बेबीनंदा. गुरुजींनी त्यावरही इलाज काढला. ही पहिली, ती दुसरी. हजेरीला "बेबीनंदा पहिली" म्हटलं की हिने हजर म्हणायचं, "बेबीनंदा दुसरी" म्हटलं की तिने. पण दुसरी पुष्कळदा कापूस वेचायला गेलेली असायची, नाहीतर धाकट्या भावाला घेऊन घरी बसलेली. मग तिच्या नावालाही पहिलीच हजर म्हणायची, जरा बारीक आवाज काढून. गुरुजी मान वर करत नसत. ह्या उपकाराबद्दल दुसरी तिला ओच्यातून चिंचा-बोरं आणून द्यायची, आणि दोघी शाळेमागच्या ओढ्यात पाय सोडून ती खायच्या. अशी मैत्रीण बेबीनंदाला पुन्हा आयुष्यात मिळाली नाही.

चौथीला असताना अंबडच्या सरकारी वसतिगृहासाठी परीक्षा झाली. दोघी एकाच बैलगाडीतून गेल्या, शेजारी बसल्या. पहिलीचा नंबर एक्केचाळीस, दुसरीचा बेचाळीस. दिवाळीनंतर शाळेत पत्र आलं. कुमारी बेबीनंदा मगरे हिची निवड झाली आहे. गुरुजींनी पत्र वर्गात मोठ्याने वाचलं, खालचा नंबर वाचला नाही. चष्म्यावरून बघत विचारलं, "दोघींतली कोण हजर आहे आज?"

दुसरी कापसात गेली होती.

"हजर," पहिली म्हणाली.

पत्र हातात आल्यावर तिने नंबर पाहिला. बेचाळीस. वाचता तर येत होतं तिला. पण तोवर कुणीतरी बापाला निरोप दिला होता, आणि बाप शेतातून चिखलाच्या पायांनी धावत आला होता. त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि सबंध वस्तीतून मिरवलं. खांद्यावरून तिला सगळ्यांची छपरं दिसत होती. खाली उतरल्यावर सांगू, असं तिने मनाशी ठरवलं होतं. खाली उतरल्यावर मात्र तिने सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि जूनमध्ये दुसरी तिला एसटीपर्यंत सोडायला आली, पळसाच्या पानात जांभळं बांधून घेऊन आली, तेव्हाही नाही.

पहिली वसतिगृहात दहावी झाली, शिवण शिकली, दोन पैसे मिळवून स्वतःच्या पायावर उभी राहिली. दुसरीची शाळा पाचवीत सुटली आणि पंधराव्या वर्षी लग्न झालं. बेबीनंदा त्यानंतर गावाकडच्या लग्नांना गेलीच नाही. शिलाईचं काम फार आहे, असं सांगायची. लोकांना ते खरंही वाटायचं.

बँकेत गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने अंबडला जीप बदलली आणि दुपारच्या आत वडीगोद्रीला उतरली. हायवेवर ट्रक धडधडत होते आणि रस्त्यालगतच्या हॉटेलांच्या पडद्यांवर धूळ बसली होती. हातातला कागद दाखवत दाखवत ती एका पत्र्याच्या टपरीपाशी पोचली. टपरीला कुलूप होतं. फळीवर रंगाने लिहिलेलं "चहा, भजे, थंड पाणी" अजून वाचता येत होतं. शेजारच्या टपरीत एक म्हातारी केळी मांडून बसली होती.

"बेबीनंदा मगरे इथंच राहते का, आजी?"

म्हातारीने तिला खालून वर न्याहाळलं. "तुम्ही वसुलीवाल्या का?"

"न्हाई वो. तिच्या गावाकडची."

"मंग बसा." सगुणाबाई नावाच्या त्या म्हातारीने केळ्यांच्या टोपलीखालचं पोतं काढून अंथरलं. "लई उशीर केला, बाई. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला गेली ती. किडन्या गेल्त्या दोन्ही. आठवड्याला दोनदा जालन्याला जायची, सुई टोचून घ्यायची, परत येऊन भजे तळायची. नवरा तर कवाच सोडून गेल्ता. त्याचं नावबी लावत नव्हती, कागदावर माहेरचंच."

बेबीनंदा पोत्यावर बसली. सगुणाबाई आपली सांगतच होती. ह्या टपरीवर तिने लेकीला शिकवलं. लेक दीपमाला नर्स झाली, जालन्याच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. पोरीला नोकरी लागली त्या दिवशी आईने सगळ्या हायवेला फुकट चहा पाजला.

"मंग शेवटी दवाखान्यासाठी कर्ज काढलं. पोरीनं जामीन म्हणून सही केली. ती गेली, हप्ते थांबले, आता ते मेले पोरीच्या मागं हायेत. आई मेली म्हणलं तर म्हणतात कागद दाखव. कागद दिला तर म्हणतात मोठ्या हापिसात दे. त्यांच्या वहीत ती अजून जित्तीच हाये. दोन खेपा दवाखान्यात जाऊन बसले. सगळ्यांदेखत. पोरगी औषधाच्या खोलीत लपून बसली व्हती." सगुणाबाईने माशा हाकलल्या. "तुमचं नाव काय म्हनला?"

"बेबीनंदा."

म्हातारीचा हात हवेतच थांबला. "अगं बाई! म्हंजे तुम्ही पहिली!"

चव्वेचाळीस वर्षांत बेबीनंदाला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

"लई कौतुक सांगायची तुमचं. म्हनायची, आमच्या वर्गात दोन बेबीनंदा व्हत्या, पहिली हुशार, परीक्षेत पास झाली, अंबडला गेली. मी दुसरी, मी राह्यले. आन हसायची. पोरीला अभ्यासाला बसवायची तर तुमचंच नाव घेऊन. एकदा घनसावंगीला तुमच्या दारापर्यंत येऊन गेली, ठाऊक हाये का?"

"माझ्या दारापर्यंत?"

"पाच-सहा वर्षं झाली. ब्लाउजाचं कापड घेऊन गेल्ती खास. तुमच्या ओट्यावर बायांची गर्दी, तुम्ही गळ्यात टेप घालून कोणाला तरी दटावून राह्यल्या व्हत्या. कडुलिंबाखाली उभी राहून पाह्यलं तिनं, आन तशीच माघारी आली. म्हनली, पहिली कामात हाये, कशाला तिचा खोळंबा करायचा."

रस्त्यावरून उसाचा रिकामा ट्रक गेला आणि दोघींवर धूळ उडाली. बेबीनंदाने डोळे पुसले. धुळीमुळे पुसले असं सगुणाबाईला वाटलं असेल.

"बेचाळीस नंबर तिचा होता," बेबीनंदा म्हणाली.

"काय म्हनला?"

"काय न्हाई."

पुन्हा सांगायची ताकद तिच्यात नव्हती, आणि सांगून तरी कुणाला सांगणार? जिची माफी मागायची ती कडुलिंबाखाली येऊन उभी राहून गेली होती. त्या दिवशी आपण कुठल्या बाईवर, कसल्या काजाबटणासाठी ओरडत होतो, हे आठवायचा तिने फार प्रयत्न केला. आठवलं नाही. सगुणाबाईने दिलेली दोन केळी पिशवीत टाकून ती जीपच्या थांब्याकडे चालायला लागली.

देवानंदने तक्रारीचा कागद तयारच ठेवला होता. "भेटली का बाई? नाव टाकू?"

"फाड तो कागद."

"मंग दुरुस्तीचा अर्ज करू. धर्मराजभाऊंच्या पाया पड, म्हणावं आणखी चार दिवस थांबा."

"तोही नको. ते थकलेलं कर्ज किती निघतं आता, तेवढं विचार फायनान्सवाल्याला. मी भरते."

देवानंदने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, डोकं ठिकाणावर हाये का? ते कर्ज तुझं न्हाईच. उद्या तू ते भरलं तर ती चारही खाती कायमची तुझ्या नावावर बसतील. आन खोलीचे पैसे मोडणार, तर खोली गेली समज!"

"गेली तर गेली."

"पण का?"

चांगला माणूस होता देवानंद. त्याने ऐकून घेतलं असतं, आणि अकरा वर्षांचं लेकरू होतीस गं ताई, असंही म्हणाला असता. तेच तिला ऐकायचं नव्हतं.

"तूच म्हणला ना, ती खाती काढली की माझा रिपोर्ट कोरा," ती म्हणाली. "मला नको कोरा. तिनं एक पोर शिकवली, वेळेवर हप्ते भरले, फुकट चहा पाजला. राहू दे ते माझ्या नावाखाली. माझ्या कागदावर दुसरं कोण हाये?"

देवानंदने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. त्याने फोन लावला.

अंबडला फायनान्सच्या ऑफिसात काउंटरवरचा माणूस जेवायच्या घाईत होता. बेबीनंदाने आधार कार्ड पुढे केलं. त्याने एक नजर कार्डाकडे टाकली, एक पडद्याकडे.

"बेबीनंदा मगरे. एक जून अडुसष्ट. बराबर." मग जरा थबकला. "पत्ता वडीगोद्रीचा दिसतो. कार्डावर घनसावंगी?"

"आधी तिथं होते."

"चालतंय. आन मधी इतके दिवस कुठं होता मावशी? फोन बंद, घराला कुलूप!"

"गैरहजर होते," बेबीनंदा म्हणाली.

तो हसला आणि पैसे मोजायच्या मशीनला लावले. मशीन थांबेपर्यंत बेबीनंदा त्याच्या तोंडाकडे बघत होती. आता तरी हा मान वर करील, नीट बघील आणि म्हणेल, बाई, तुम्ही त्या नव्हेत. त्याने मान वर केली नाही. शिक्का मारला, नवा मोबाइल नंबर विचारून लिहून घेतला, सहीसाठी पावती सरकवली. तिने सही केली. तीच सही, तेच नाव.

"कर्ज फिटल्याचा दाखला पोस्टाने येईल. घनसावंगीला पाठवू?"

"न्हाई. जालन्याला पाठवा, जामीनदाराच्या पत्त्यावर. दीपमालाच्या नावानं."

बाहेर आल्यावर तिने उसाचा रस घेतला, आणि अर्धा तसाच ठेवून दिला. दीपमालाला वाटणार होतं, कंपनीचाच काहीतरी घोळ झाला आणि आपण सुटलो. वाटू दे. तिच्या आईच्या वाटचं पत्र एकदा चुकीच्या हातात गेलं होतं. हे तरी बरोबर घरी जाईल, एवढंच बेबीनंदाला पाहिजे होतं.

मेच्या शेवटच्या दिवशी तिने खोली रिकामी केली. पिठाच्या गिरणीमागे एक जागा भाड्याने मिळाली होती, ह्याच्या निम्मी. दिवसभर गिरणीचा आवाज, आणि खिडकी एकच, तीही भिंतीकडे उघडणारी. मशीन हातगाडीवर चढलं तेव्हा धर्मराजभाऊ ओट्यावर उभे होते.

"बेबीबाई, मनाला लावून घेऊ नका. मला खरंच वाटलं व्हतं, तुम्हीच घ्याल."

"मलाही वाटलं होतं भाऊ. ही घ्या चावी. कुलूप जरा उचलून लावायला सांगा त्या पोराला, न्हाईतर अडकतं."

मोबाइलवाला आतापासूनच चौकट मोजत होता. पेन्सिलीचे आकडे बघून त्याने विचारलं, "मावशी, हे काय लिहून ठेवलंय? पुसून टाकू का?"

"टाक पुसून," ती म्हणाली, आणि हातगाडीच्या मागे चालायला लागली. कडुलिंबापाशी मात्र ती थांबली. खोडाला हात लावून उभी राहिली. इथून ओटा दिसत होता, दार दिसत होतं, आतली खिडकीची जागाही दिसत होती. बाई मशीनवर बसली असती तर तिचा चेहरा नीट दिसला असता. हातगाडीवाल्याने हाक मारली तेव्हा ती निघाली.

एक जूनला ती नव्या जागेत कोणाच्या तरी परकराला नाडी ओवत बसली होती. गणवेशांचे दिवस, पण पत्ता बदलल्याचं अजून लोकांना ठाऊक नव्हतं, म्हणून दारात कुणी नव्हतं. मोबाइल वाजला. बँकेचा निरोप होता. प्रिय बेबीनंदा मगरे, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. दरवर्षी यायचा. दरवर्षी एवढा एकच यायचा.

तिने मोबाइल खाली ठेवला आणि तो पुन्हा वाजला. अंबडच्या फायनान्सवाल्यांचा होता. प्रिय बेबीनंदा मगरे, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

तिने तो दोनदा वाचला. शेजारी गिरणी सुरू झाली होती, पट्ट्याचा आवाज भिंतीतून येत होता. बेबीनंदाने परकर बाजूला ठेवला, पाठ ताठ केली, आणि जरा बारीक आवाज काढून म्हणाली, "हजर."

मग तिने नाडी हातात घेतली आणि राहिलेली ओवायला लागली.